आधी ऊन पाहा, मग रोप आणा

नवरात्र संपून पावसाने पाठ फिरवली की नाशिककरांची पावले रोपवाटिकांकडे वळतात, आणि त्याच दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्याही वाढते. या वेळच्या पत्रांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. त्यांतील बऱ्याच पत्रांत रोप आधी घरी आले आहे आणि त्याला कोठे ठेवावे हा विचार नंतर सुरू झाला आहे. हा क्रम उलटा झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच पहिल्या प्रश्नाला थोडी अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या सदनिकेला एकच गॅलरी असून ती उत्तरेकडे आहे. जूनमध्ये मोगरा, गुलाब आणि जास्वंद आणली. पावसाळ्याच्या सुरुवातीला थोडी फुले आली, आता मात्र कळ्याच धरत नाहीत आणि फांद्या लांबट, किरकोळ निघत आहेत. दोनदा खत दिले. काय चुकते आहे? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : आपले खत चुकलेले नाही, ऋतू बदलला आहे. नाशिक विषुववृत्तापासून साधारण २० अंश उत्तरेला आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवून पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो. जूनमध्ये आपण रोपे ठेवलीत तेव्हा सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन गॅलरीत येत होते. आता मार्चपर्यंत तेथे थेट ऊन येणार नाही. याच काळात दक्षिणेकडच्या गॅलरीत मात्र ऊन पार दिवाणखान्याच्या फरशीपर्यंत पोहोचते. म्हणून एखादी गॅलरी उन्हाची की सावलीची, हे एका दिवसाच्या पाहणीवरून ठरवू नये. निदान एकदा जूनमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये पाहावे.

मोगरा, गुलाब आणि जास्वंद यांना फुलण्यासाठी रोज पाच ते सहा तास थेट ऊन लागते. उजेड कमी पडला की झाड फुलाचा नाद सोडते आणि उजेडाच्या शोधात फांद्या लांबवते. दोन पेरांमधले अंतर वाढलेले आपल्याला दिसते आहे ते त्यामुळेच. अशा झाडाला खत दिल्याने फांद्या आणखी लांबतात, कळी धरत नाही. ही तीन झाडे इमारतीच्या गच्चीवर नेता आली तर पाहावे. ते शक्य नसेल तर दक्षिणेकडे गॅलरी असलेल्या शेजाऱ्यांकडे मार्चपर्यंत ठेवावीत.

उजेड मोजायला यंत्र लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. बोटे वेगवेगळी मोजता येतील इतकी ठसठशीत सावली पडली, तर ती जागा फुलझाडांची. हाताचा आकार कळतो पण कडा पुसट आहेत, अशी सावली असेल तर पर्णशोभेची झाडे तेथे सुखाने राहतील. सावलीच उमटत नसेल, तर तेथे झाड जगेल पण वाढणार नाही.

आपल्या गॅलरीसाठी मी सर्वप्रथम नागवेल सुचवेन. विड्याच्या पानाच्या या वेलीला कडक ऊन सोसतच नाही. सावली, ओलसर हवा आणि सुपीक, पण पाणी तुंबून न राहणारी माती एवढीच तिची मागणी असते. नाशिकच्या थंडीत ती जवळजवळ थांबते, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये. स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न, बिगोनिया आणि पुदिनाही चालतील. फूल हवेच असेल तर आपल्याकडे घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते लावावे. ते हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे. मेक्सिकोकडून आलेला तो निवडुंगाचा एक प्रकार आहे, आणि सावलीतल्या उजेडात तो उत्तम वाढतो. त्याच्या चपट्या पानासारख्या खोडाच्या कडेच्या खाचेतून कळी निघते, ती दिवसागणिक वर वळत जाते, आणि पावसाळ्यातल्या एका रात्री नऊ-दहाच्या सुमारास उमलते. सकाळी उठून पाहावे तर फूल मान टाकून लोंबत असते. त्या एका रात्रीसाठी शेजाऱ्यांना बोलावण्याची आपल्याकडची पद्धत मला फार आवडते.

प्रश्न : जास्वंद आणि लिंबाची नवी पाने पिवळी निघतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. झाडांना बोअरचे पाणी देतो. शेणखत आणि युरिया देऊनही फरक पडला नाही. (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : पिवळेपणा कोठून सुरू झाला, हे पाहण्यातच निम्मे निदान असते. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते, आणि शिरांची हिरवी जाळी तशीच राहते. आपले वर्णन लोहाच्या कमतरतेचे आहे. माझ्या स्वतःच्या लिंबाला मी दोन पावसाळे युरिया देत राहिले आणि झाड आणखी फिकट होत गेले; तेव्हापासून मी आधी शेंडा पाहते.

आपल्या काळ्या मातीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे ती अल्कधर्मी असते आणि अशा मातीत लोह मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात बोअरच्या जड पाण्यातले क्षार दररोज भर घालतात. कुंडीच्या कडेला आणि तळाच्या भोकाशी पांढरा थर साचला आहे का, ते पाहावे.

तातडीचा उपाय म्हणून एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून त्यात अर्ध्या लिंबाचा रस घालावा आणि हे पाणी संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. द्रावण ताजेच वापरावे, कारण ठेवलेले पाणी तांबूस होते आणि मग त्याचा उपयोग उरत नाही. फरशीवर थेंब पडल्यास गंजाचे डाग राहतात, तेवढे सांभाळावे. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा फवारणी करावी. मातीतून द्यायचे असेल तर हिराकस फारसे टिकत नाही. दुकानात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत बांधलेले लोह, मागताना ते ‘ईडीडीएचए’ प्रकारचे आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण अल्कधर्मी मातीत तेच काम देते, स्वस्तातले ‘ईडीटीए’ तेथे टिकत नाही. पुढच्या पावसाळ्यात गच्चीवरचे पावसाचे पाणी पिंपात धरून ठेवता आले आणि निदान या दोन झाडांपुरते ते वापरता आले, तर फवारणीची गरज बरीच कमी होईल.

प्रश्न : माझे बाळ अकरा महिन्यांचे असून रांगू लागले आहे. घरात भेट म्हणून आलेले डिफनबेकिया आहे. ते विषारी असते असे ऐकले, ते खरे आहे का? शिवाय हवा शुद्ध करणारी दहा झाडे घेण्याचा विचार आहे. (एक वाचिका, पंचवटी)

उत्तर : डिफनबेकिया आजच बाळाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी हलवावे, शक्य असल्यास बाळ मोठे होईपर्यंत दुसऱ्या घरी द्यावे. त्याच्या पानांत आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर ते तोंडात आणि घशात टोचतात, आग होते, सूज येते. कच्चे अळू किंवा सुरण खाल्ल्यावर घसा खवखवतो तो याच स्फटिकांमुळे, आणि डिफनबेकिया अळूच्याच कुळातले आहे. मनीप्लांट, पीस लिली, अ‍ॅग्लोनेमा, सिंगोनियम आणि झीझी प्लांट हीसुद्धा त्याच कुळातली मंडळी आहेत, म्हणून रांगत्या बाळाच्या घरात ती सगळी टांगून किंवा उंचावर ठेवावीत. बाळाने पान चावलेच तर तोंडातले तुकडे काढून ओल्या फडक्याने तोंड पुसावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. जमिनीवर ठेवायचेच झाले तर अरेका पाम, स्पायडर प्लांट आणि बोस्टन फर्न ही बिनविषारी झाडे निवडावीत.

हवा शुद्ध करण्याविषयी स्पष्टच सांगते. ही कल्पना नासाच्या १९८९ सालच्या एका अहवालामुळे पसरली. तो प्रयोग लहान, हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. २०१९ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशेब मांडला. इमारतीत हवेची जी नेहमीची ये-जा असते, तिच्याइतके काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या घराची समोरासमोरची दोन दारे सकाळी अर्धा तास उघडी ठेवल्याने बाळाला जी हवा मिळेल, ती दहा कुंड्या देऊ शकणार नाहीत. झाडे अवश्य घ्यावीत, पण ती आवडतात म्हणून घ्यावीत, आणि सुरुवातीला दोनच घ्यावीत.

प्रश्न : सिडकोतील आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवर विटांचे वाफे बांधून त्यांत दीड फूट काळी माती भरावी आणि थंडीत भाजीपाला घ्यावा, असे ठरले आहे. कोणत्या भाज्या घ्याव्यात? (एक वाचक, सिडको)

उत्तर : भाज्यांचे नंतर पाहू, आधी हे वाफे बांधू नयेत, ही विनंती. ओली माती एका घनमीटरला सुमारे १८०० किलो भरते. दीड फूट जाडीच्या थराचा भार त्यामुळे दर चौरस मीटरला ८०० किलोच्या आसपास जातो, आणि विटांचे वजन वेगळेच. वावर असलेल्या गच्चीचा आराखडा करताना वापराचा भार म्हणून साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलो धरतात. म्हणजे बांधकाम अभियंत्याला नकाशा दाखवल्याशिवाय असा वाफा करणे घराच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय वाफ्याखाली कायम ओल राहते आणि ती पुढे स्लॅबमध्ये उतरते.

काळी माती कुंडीत वापरण्यातही अडचण आहे. ती पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते. उन्हात दोन दिवस राहिलेल्या कुंडीत नीट पाहिले, तर माती कडेपासून बोटभर सुटलेली दिसते. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते, तळाच्या भोकातून वाहते, आपल्याला वाटते झाड तृप्त झाले, आणि आतला मातीचा गोळा मात्र दगडासारखा कोरडाच असतो. म्हणून एक भाग पोयट्याची माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड असे हलके मिश्रण करावे. कोकोपीट वापरण्यापूर्वी दोनदा साध्या पाण्यात भिजवून पिळावे, कारण त्यात बरेचदा मीठ असते.

भांडे म्हणून टोमॅटोच्या बाजारातला २० किलोचा प्लास्टिक क्रेट उत्तम. आतून शेडनेटचा तुकडा लावावा, खाली दोन विटा देऊन तो उचलून ठेवावा, आणि पालेभाज्यांसाठी निम्माच भरावा. क्रेट गच्चीच्या मधोमध न मांडता कठड्यालगत, जेथे खाली भिंत किंवा तुळई आहे तेथे, मोकळी जागा ठेवून मांडावेत.

आता भाज्या. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि वाटाणा यांना नाशिकची थंडी मानवते. आता पेरल्या तर मेथी महिन्याभरात खुडायला येईल. धने अख्खे पेरू नयेत. पोळपाटावर हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात, रात्रभर भिजवावे आणि मग पेरावे. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. दर पंधरा दिवसांनी एकच क्रेट पेरला तर भाजी सलग मिळत राहते. टोमॅटो आणि मिरचीची रोपे याच महिन्यात लावावीत, म्हणजे कडाका सुरू होण्यापूर्वी ती मूळ धरतील. भेंडी, काकडी आणि दोडका यांचे बी मात्र आता टाकू नये. निफाडचा पारा दहाच्या खाली उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की ही बियाणी मातीतच सडतात. त्यांची वेळ फेब्रुवारीत येते.

प्रश्न : दर वर्षी तुळशीच्या लग्नापर्यंत टवटवीत असलेली तुळस जानेवारीत वाळून काड्या होते. (एक वाचिका, देवळाली कॅम्प)

उत्तर : तुळस उष्ण हवेतली आहे, आणि देवळालीच्या मोकळ्या माळावर रात्रीचा गारठा शहरापेक्षा अधिक बोचतो. मंजिऱ्या येऊन बी पिकू दिले की तिचे आयुष्य संपत येते, म्हणून मंजिरी कोवळी असतानाच खुडावी. थंडीत वृंदावनात रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवयच तिला मारते; पूजेचे पाणी चमचाभर घालावे आणि खरे पाणी बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच घालावे. आताच्या मंजिऱ्यांतले थोडे बी कागदात जपून ठेवावे. जुने झाड गेले तरी फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच बियांची रोपे तयार करता येतील.

प्रश्न : अंगणात चार वर्षांपूर्वी लावलेली थॉम्पसन जातीची द्राक्षवेल गच्चीवरच्या मांडवावर चढवली आहे. पाने दाट, सावली छान. पण घड दोन-तीनच येतात, तेही बारीक मण्यांचे. आजूबाजूचे बागायतदार ऑक्टोबरात छाटणी करतात तशी मीही करतो. (एक वाचक, मखमलाबाद)

उत्तर : मखमलाबादसारख्या द्राक्षाच्या गावातून हा प्रश्न आला, याचा आनंद झाला. आपण बागायतदारांची एक छाटणी उचललीत. दुसरी राहून गेली, आणि घड ठरतात ते त्या दुसऱ्या छाटणीवर.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि वसंतात उठते. नाशिकमध्ये तिला झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटून तिला शिस्त लावावी लागते. फळे काढून झाल्यावर, एप्रिलच्या सुमारास, खरड छाटणी करतात. तिच्यातून नव्या काड्या घडवायच्या असतात. ऑक्टोबरातली गोडी छाटणी त्या काड्यांतून फळ बाहेर काढण्यासाठी असते. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत, म्हणजे मे अखेरीपासून जूनमध्ये, काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या, म्हणजे फुटव्याच्या कोंबाच्या, आत पुढे घड निघणार की नुसता तणावा, हे ठरून जाते. त्या दिवसांत काडीवर थेट ऊन पडले पाहिजे. आपला मांडव तेव्हा जुन्या-नव्या फांद्यांनी गच्च भरलेला असतो, काड्या सावलीत राहतात, आणि डोळे वांझ निघतात. मग ऑक्टोबरात कितीही सुबक छाटले तरी आत नसलेला घड बाहेर येणार कोठून?

पुढच्या एप्रिलमध्ये आपण असे करावे. मांडवावर आडव्या पसरलेल्या जाड ओलांड्यांवरच्या सगळ्या काड्या एकेक डोळा राखून खरडून काढाव्यात. वेल त्या दिवशी अगदी उघडीबोडकी दिसेल. मन घट्ट करावे. फुटवे निघाले की दाटी विरळून वीतभर अंतरावर एकेक ठेवावा. त्याला सात-आठ पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे वरच्या डोळ्यातून पुन्हा फूट निघते; हीच सबकेन. मेनंतर शेणखत आणि युरिया बंद करावे आणि पाणीही बेताने द्यावे, नाहीतर वेल नुसतीच माजते.

या वर्षाच्या छाटणीसाठी अजून वेळ आहे. काडी हातात घेऊन पाहावी. पेन्सिलीएवढ्या जाडीची, गोल, तपकिरी आणि मोडली तर कट्‌ असा आवाज करणारी काडी पिकलेली समजावी. हिरवट, चपटी काडी फळाची नसते. पिकलेल्या काड्यांवर सहा ते आठ डोळे राखून छाटावे. बागायतदार डोळे लवकर आणि सारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी रसायन आहे, घरच्या अंगणात ते आणू नये. फुटायला चार-आठ दिवस अधिक लागतील, एवढाच फरक पडेल. पोंगा, म्हणजे फुटलेला कोंब, उघडून चार-पाच पाने झाली की घड पानाच्या समोरच्या बाजूला दिसू लागतो. ज्या फुटव्यावर घड नाही त्यातले निम्मे काढून टाकावेत.

नोव्हेंबरात एखादी अवकाळी सर आली किंवा दव पडले की पानावर तेलकट पिवळा डाग आणि त्याच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसेल. तो डाऊनी, म्हणजेच केवडा. त्यासाठी अर्धा टक्का बोर्डो मिश्रण पुरते: एक लिटर पाण्यासाठी ५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि ५ ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवून एकत्र ओतावे. मग त्यात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, पाने जळतील. खिळा जसाच्या तसा निघेपर्यंत चुन्याची निवळी वाढवावी. मणी धरल्यानंतर ही फवारणी थांबवावी.

मणी बारीक असल्याचे मात्र वाईट वाटून घेऊ नये. बाजारातले लांबट, टपोरे मणी जिब्रेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाच्या फवारण्यांनी आणि घडाच्या विरळणीने तयार होतात. थॉम्पसनचा मणी मुळात लहानच असतो, आणि वेलीवर पूर्ण पिवळसर होईपर्यंत राहू दिला तर त्याची गोडी विकतच्या द्राक्षाला येत नाही. आपल्या वेलीचे या आठवड्यात पाणी तोडावे, जुनी पाने हाताने काढून टाकावीत, आणि दहा-बारा दिवसांनी, आकाश निरभ्र आहे असे पाहून, सकाळच्या वेळी कात्री लावावी.